म्हाळसाच्या नावाची सावड

मी टॅब बोलतोय. निरवांगीच्या पुढं, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दोन खोल्यांची शाळा आहे. तिथल्या लोखंडी कपाटातला खालच्या फळीवरचा टॅब. उजव्या कोपऱ्यात तडा, पाठीला चिकटपट्टी आणि पोट असं फुगलेलं, की टेबलावर ठेवलं तर मी जागच्या जागी गोल फिरतो. पोरं त्यालाही हसतात. हसू द्या. बॅटरी फुगली, की आमचं संपत आलं समजायचं. उद्या शबीना मॅडम मला बारामतीला नेणार आहेत, जुनी यंत्रं मोडीत काढतात तिथं.

म्हणून आज बोलून घेतो. माझं सगळं आयुष्य कुणी विचारलं तर सांगण्यात गेलं. न विचारता एक गोष्ट सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. तीच टोचत राहते.

माझा जन्म लांबच्या कुठल्या तरी कारखान्यात झाला. जन्माचं मला फारसं आठवत नाही. पहिला उजेड आठवतो तो बारामतीतल्या मोबाईलच्या दुकानातला. काटेवाडीचे रणजितराव आले. शाळा बंद होत्या, पोरीचे वर्ग घरातूनच चालले होते. "पोरीच्या अभ्यासाला पायजे," असं त्यांनी दुकानदाराला तीनदा सांगितलं. मला फार बरं वाटलं होतं. अभ्यासाला घेतलेली वस्तू म्हटल्यावर एक रुबाब असतो ना!

कसला रुबाब! पोरीचं नाव श्रेया. वर्ग सुरू झाला, की ती कॅमेरा बंद करायची, गुरुजींचा आवाज बारीक करायची आणि माझ्यावरच कार्टून लावायची. तिकडं गुरुजी म्हणायचे, "श्रेया, समजलं का?" श्रेया म्हणायची, "हो सर." मी गप्प. मला कुणी विचारलंच नव्हतं! गप्प बसायची सवय मला तिथं लागली.

शाळा उघडल्या, श्रेयाला फोन मिळाला आणि मी कपाटात साड्यांखाली गेलो. दोन वर्षं मी डांबरगोळ्यांच्या वासात काढली. मग एके दिवशी दार उघडलं आणि शबीना मॅडम दिसल्या. बारामतीत राहायच्या, कळंबवरून रोज स्कूटीनं वस्तीवरच्या शाळेत जायच्या, आणि ओळखीच्या घरी पडून असलेली यंत्रं शाळेसाठी मागून न्यायच्या. रणजितरावांनी मला फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "न्या मॅडम. पोरांच्या अभ्यासाला व्हईल." परत तेच वाक्य! पण ह्या वेळी ते खरं झालं.

शाळा छोटी होती. चौथीत मोजून चार पोरं. ती चौघं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे.

म्हाळसा. आजोबांनी कुलदेवीचं नाव ठेवलेलं. बोलणं कमी, पण बोटं अशी चपळ, की माझ्या काचेला कळायच्या आत आकडा उमटायचा. राजवर्धन, शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव ह्यांचा मुलगा. त्याचे पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. संस्कृती वजाबाकीची पक्की. आणि अय्युबभाईंच्या किराणा दुकानातला मुजफ्फर. भागाकार आणि पाव-अर्ध्याचा हिशोब म्हणजे त्याचा रोजचा खेळ, पावशेर-छटाक करतच तो मोठा झालेला.

मॅडमनी त्यांना एक खेळ दाखवला. गणिताचा, ऑनलाइन, जगभरातली पोरं खेळतात असा. समोरासमोर दोघं. दीड मिनिटात पटापट गणितं येतात, उत्तर टाकायचं. वर दोन ठिपके पळत असतात, एक आपला, एक समोरच्याचा. ज्याचा ठिपका पुढं, तो जिंकला. खेळाला इंग्रजी लांबलचक नाव होतं. पोरांनी दुसऱ्याच मिनिटाला त्याचं नाव 'शर्यत' ठेवलं. बैलगाड्यांच्या शर्यती बघणारी पोरं ती, दुसरं काय म्हणणार?

डिसेंबरात त्या खेळाची जागतिक स्पर्धा आली. पंधरा दिवस खेळायचं. आशियातले पहिले आठ जण अंतिम फेरीत. मॅडमनी चौघांची चार नावं नोंदवली, म्हाळसाच्या नावानं माझ्यावर खेळ उघडून दिला आणि मतदार याद्यांचं काम घेऊन त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. बिचाऱ्यांना वर्षभर कसली ना कसली यादी असायचीच.

आणि तेव्हा मी नियमांचं पान दाखवलं.

इंग्रजीत. बारीक अक्षरात. तिसरा नियम असा होता, की एका नावानं एकाच मुलानं खेळावं, कुणी शेजारी बसून उत्तर सांगू नये. खाली 'मान्य' असं हिरवं बटण. म्हाळसानं ते दाबलं. हिरवं बटण पुढं जायचं असतं, एवढं तिला माहीत होतं.

अहो, मला भाषांतर येतं! सत्तर भाषांतलं येतं, मराठीतलं तर छान येतं. कोपऱ्यात एक छोटी खूण लुकलुकवायची, एवढंच काम होतं. मी लुकलुकवली नाही. कुणी विचारलं नाही म्हणून गप्प राहिलो.

पोरांनी काय केलं, ते ऐका. नाव बदलून आत जायचं म्हटलं, की आमच्याकडं दहा मिनिटं जायची. शाळेला लागून सर्जेरावांचा ऊस, दोन पुरुष उंच झालेला. रेंज फक्त पश्चिमेच्या खिडकीत, तीही मनात आलं तर. मग राजवर्धन म्हणाला, "आपुन सावड करू की! आधी म्हाळसाचं रान काढू. तिचं झालं की माझं, मग संस्कृतीचं, मग मुजफ्फरचं."

सावड म्हणजे काय ते त्या पोरांना शिकवावं लागत नाही. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. खुरपणी असो, कांदालागण असो, त्यांनी घरच्यांना असंच करताना पाहिलेलं. त्यात लबाडी कुठं असते? उलट जो सावडीला येत नाही, त्यालाच लोक नावं ठेवतात.

तर चौघं खिडकीपाशी बसले. गुणाकार आला की राजवर्धन ओरडायचा, वजाबाकी संस्कृती, भागाकार मुजफ्फर. म्हाळसा बेरजा स्वतः करायची आणि सगळ्यांची उत्तरं आपल्या बोटांनी टाकायची.

"एकशे बारा!"

"अडुसष्ट!"

"चौदा, चौदा! दाब की, म्हाळसे!"

खेळाच्या टुणटुणीत एकमेकांची उत्तरं ऐकू येईनात, म्हणून त्यांनी माझा आवाज पार बंद करून टाकला. मी मुका झालो. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्यांची जीत सुरू झाली. श्रीलंका, ओमान, व्हिएतनाम. प्रत्येक झेंडा पाडला, की मुजफ्फर शर्टाची कॉलर वर करायचा. खरं सांगू? मलाही चढली होती. कपाटात डांबरगोळ्यांत पडलेला मी, आणि आता जगाच्या पोरांना हरवतोय! तिसरा नियम तेव्हा मला आठवत नव्हता असं मी म्हणणार नाही. आठवत होता. आठवूनही बरं वाटत होतं.

सहाव्या दिवशी नोमीन आली.

मंगोलियाची पोर, वय नऊ. आशियात पहिली. त्या खेळात शब्द पाठवता येत नाहीत, लहान पोरांना कुणी काहीबाही लिहू नये म्हणून. फक्त बारा तयार चित्रं, टाळ्या, अंगठा, हसरा चेहरा असली. आणि एक गोल बाण, 'पुन्हा?' विचारणारा. नोमीन पहिली शर्यत दोन गुणांनी हरली. तिनं टाळ्या पाठवल्या आणि लगेच गोल बाण.

"आयला, हिला अजून पायजे!" राजवर्धन म्हणाला. दुसरी हरली. गोल बाण. तिसरी हरली. गोल बाण. चार दिवस रोज साडेतीनला ती यायची आणि आमच्याशीच खेळायची.

मधेच आमची रेंज जायची. अशा वेळी समोरच्याला दोन बटणं दिसतात. एक, 'मी जिंकलो.' दुसरं, 'मी थांबतो.' पहिलं दाबलं असतं तर नोमीन फुकट जिंकली असती, आणि नियमानं ते चुकीचंही नव्हतं. ती चार वेळा थांबली. आमच्या उसातून रेंज येईपर्यंत तिकडं ती पोर नुसती बसून राहायची. एकदा तर पूर्ण सहा मिनिटं. मग शर्यत पुढं सुरू व्हायची आणि आमची चौघं मिळून तिला हरवायची.

पोरांना तिचा ठिपका फक्त मागं पडलेला दिसायचा. मला जास्त दिसायचं. पहिल्या शर्यतीत तिचे सत्तावीस होते. पाचवीत चोवीस. नवव्या शर्यतीत एकोणीस. ती चुकायला लागली होती. साधी बेरीज टाकून खोडायची, पुन्हा तीच टाकायची. आपण हळू आहोत असं एखाद्याला वाटायला लागलं की बोट असं अडखळतं. ते मी वर्गात पुष्कळदा पाहिलंय.

अकरावी शर्यत हरल्यावर तिनं टाळ्या पाठवल्या नाहीत, गोल बाणही नाही. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका, म्हणजे ती खेळात हजर असल्याची खूण, करडा झाला. तो करडाच राहिला.

"गेली वाटतं," संस्कृती म्हणाली.

"जाऊ दे. दमली आसंल," मुजफ्फर म्हणाला.

पंधरा दिवस संपले. हरलं की गुण कापले जायचे, जिंकणाऱ्याला मिळायचे. यादी लागली. आठवी म्हाळसा, भारत. नववी नोमीन, मंगोलिया. फक्त आठ जण अंतिम फेरीत. पुढच्या रविवारी, कॅमेऱ्यासमोर.

मग काय विचारता! मॅडम रडल्याच. त्यांनी फोटो काढून अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. सर्जेरावांनी मंगळवारी फाट्यावर फ्लेक्स लावला, भला मोठा. मध्ये म्हाळसा फेट्यात, हातात मी. खाली सगळ्या समितीचे चेहरे. "आमच्या वस्तीचं नाव जगात!" असं वर लिहिलेलं. म्हाळसाचे आजोबा तात्याबा रोज शाळा सुटायच्या वेळी तिला न्यायला यायचे. त्या दिवशी फ्लेक्सपाशी एवढा वेळ उभे राहिले, की म्हाळसाच त्यांना शोधत गेली.

चौघांना वाटत होतं, पुढच्या वर्षी राजवर्धनचं रान काढायचं. हिशोब सरळ होता.

बुधवारी मॅडम म्हणाल्या, "या रे सगळे. कॅमेऱ्यासमोरची फेरी आहे, नियम नीट वाचून घेऊ." आणि त्यांनी मला सांगितलं, की हे पान मराठीत कर. अंगात वीज गेल्यासारखं झालं मला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

मी केलं. मॅडम मोठ्यानं वाचत गेल्या. "नियम तिसरा. एका नावानं एकाच मुलानं खेळावं. शेजारी बसून कुणी उत्तर सांगू नये."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं.

मुजफ्फरनं हळूच विचारलं, "मॅडम, ह्यो नियम फायनलचाच हाय का आधीचा बी?"

"सगळ्याच फेऱ्यांचा. का रे?"

संस्कृती वहीचा कोपरा कुरतडायला लागली. राजवर्धन खिडकीबाहेर बघत राहिला. म्हाळसाच्या हातात मी होतो. तिनं मला बाकावर पालथं ठेवलं.

शाळा सुटली तरी ती उठली नाही. तात्याबा व्हरांड्यात येऊन टेकले. "चल की पोरी."

तेव्हा तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, मॅडम तिथंच उभ्या असताना. बाकीची तिघंही दारात घुटमळत होती.

"पर आमी लबाडी न्हाय केली आबा," राजवर्धन मधेच म्हणाला, रडवेला होऊन. "आमी सावड केली. तुमी न्हाय का करत?"

तात्याबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "करतो बाबा. पर सावडीत समोर कुणी हरत न्हाय. चौघांनी मिळून माझं रान खुरपलं तर कुणाचं काय जातंय? हितं समोर एक पोरगी हुती. ती एकटी हुती."

"आमाला ठावं नव्हतं आबा," म्हाळसा म्हणाली.

"व्हय. पर आता ठावं झालं न्हवं?"

मला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पोरांना ठावं नव्हतं. मॅडमना नव्हतं. त्या अख्ख्या शाळेत पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेला एकटा मी होतो.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. "मॅडम, कशाला वाढवताय? पोरं हायत. कोण येतंय मंगोलियातनं बघायला? रविवारी म्हाळसाला एकटीला बसवा, हरली तर हरली. फ्लेक्स लागलाय, साहेबांचा फोन यिऊन गेलाय. आता काय तोंड दाखवायचं?"

मॅडमनी फोटो ग्रुपवर टाकला होता, वर तीनशे अंगठे आले होते. त्या गुरुवारचा सगळा दिवस त्या गप्प होत्या. मी त्यांना दोष देत नाही. गप्प बसणाऱ्यानं दुसऱ्याला काय बोलावं?

शुक्रवारी दुपारी म्हाळसाच त्यांच्या टेबलापाशी गेली. "मॅडम, मी बसणार न्हाय रविवारी. त्या नोमीनला बोलवा म्हनावं. तिची जागा हाय ती."

मॅडमनी तिला जवळ घेतलं. मग दोघींनी मिळून माझ्यावर पत्र लिहिलं. म्हाळसा सांगत गेली, मॅडम टाइप करत गेल्या, मी इंग्रजी केलं. त्यात एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे. "नोमीनला सांगा की ती हळू नाही, आम्ही चौघं होतो." साडेचार वाजले. मॅडमनी 'पाठवा' दाबलं. गोल चकरी फिरायला लागली. बाहेर पालक खोळंबले होते. मॅडमनी माझा उजेड मालवला, मला कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

पत्र गेलं नाही.

रेंज नव्हती. चकरी फिरून फिरून थांबली आणि माझ्या कपाळावर लाल अक्षरं आली, 'पाठवता आलं नाही.' मी ओरडायला हवं होतं. असं झालं, की मी ओरडतो, ती माझी रीत आहे. पण पोरांनी माझा आवाज बंद केलेला, आणि त्याची आठवण मीही कुणाला करून दिली नव्हती. अंधाऱ्या कपाटात, खडूच्या डब्याशेजारी, पोटात ते पत्र घेऊन मी पडून राहिलो. शनिवारी मॅडमना प्रशिक्षणाला बारामतीत बसवलेलं. रविवार उजाडला. तिकडं वस्तीवर म्हाळसा निवांत असेल, तिला वाटत असेल नोमीन आत्ता खेळत असेल. मला माहीत होतं, की तिकडं कुणी नोमीनला बोलावलेलं नाही.

सोमवारी मॅडमनी मला बाहेर काढलं, लाल अक्षरं पाहिली आणि आपला फोन उघडला. निकालाचं पान त्यावर वाटेतच आलं होतं. सात नावं, पुढं सातांचे गुण. आठवी ओळ, 'म्हाळसा, भारत. गैरहजर.' नोमीनचं नाव कुठंच नव्हतं.

मॅडम मला तशाच हातात घेऊन पळत फाट्यापर्यंत गेल्या. तिथं रेंज होती. पत्र क्षणात गेलं. शुक्रवारी तेवढी दोनशे पावलं कुणी मला नेलं असतं तर!

दोन दिवसांनी उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. म्हाळसाचे गुण शून्य केले आहेत. अंतिम फेरी पुन्हा घेता येणार नाही. आणि मुलांच्या सुरक्षेसाठी एका मुलाचा निरोप दुसऱ्या मुलाला दिला जात नाही.

फाट्यावरचा फ्लेक्स तात्याबांनी स्वतः उतरवला. सर्जेराव तिथंच उभे होते, पण आडवे आले नाहीत. उलट शिडी त्यांनीच धरली. आता तो फ्लेक्स तात्याबांच्या कडब्याच्या गंजीवर आहे, दव लागू नये म्हणून. फेट्यातली म्हाळसा आभाळाकडं बघत असते.

म्हाळसा मात्र रोज साडेतीनला मला घेऊन खिडकीत बसायची. नोमीनचा ठिपका करडा. ती बघायची, दहा मिनिटं थांबायची, मला कपाटात ठेवायची. बाकीची तिघं लांबून विचारायची, "आली का गं?" ती मान हलवायची.

मधे ऊसतोड आली. सर्जेरावांचं रान मोकळं झालं, ओढा दिसायला लागला आणि मला पहिल्यांदा तीन काड्या रेंज मिळाली. त्याच आठवड्यात, एकोणिसाव्या दिवशी, ठिपका हिरवा झाला.

म्हाळसाच्या हातातून मी पडता पडता राहिलो. तिनं गोल बाण पाठवला. 'पुन्हा?' तिकडून बराच वेळ काही नाही. मग शर्यत सुरू झाली.

पहिलं गणित, चौदा अधिक नऊ. म्हाळसानं टाकलं, चार. मला वाटलं बोट घसरलं. दुसरं, सात गुणिले सहा. चार. तिसरं, चार. चौथं, चार. मी चक्रावलो! मग लक्षात आलं. शब्द जात नाहीत, पण आकडे जातात. शर्यत संपली, की दोघांची उत्तरं शेजारी शेजारी दिसतात. पोरीनं एकोणीस दिवस विचार करून हे शोधलं होतं. आम्ही चौघं होतो, एवढंच तिला सांगायचं होतं.

तेवढ्यात बत्तीस भागिले आठ आलं आणि तिला एक गुण मिळाला. "आयला, ते बरोबर आलं की गं!" मुजफ्फर लांबून ओरडला आणि स्वतःचंच तोंड त्यानं दोन्ही हातांनी दाबलं.

नोमीन त्या उत्तरांच्या पानावर पुष्कळ वेळ थांबली. मग गोल बाण आला.

ह्या वेळी म्हाळसा खरी खेळली, एकटी. राजवर्धन, संस्कृती आणि मुजफ्फर मैदानाच्या पार टोकाला लिंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. इकडं गुणाकार अडला, की म्हाळसा ओठ चावायची. ती हरली. सतरा विरुद्ध सव्वीस. दणकून हरली, आणि माझ्या काचेवर टपकन पाणी पडलं. तिला हसूही येत होतं.

उत्तरांचं पान उघडलं. नोमीनची सव्वीस उत्तरं बरोबर. शेवटचं, सत्ताविसावं गणित होतं नऊ गुणिले बारा. तिचं उत्तर, एक.

"कळलं तिला!" म्हाळसा किंचाळली. तिघं धावत आली. "ती म्हनती एक! ती म्हनती मी एकटी हुते! कळलं तिला!" चौघं मिळून नाचली. मॅडम बाहेर आल्या, त्यांना सांगितलं, त्यांनी डोळे पुसले. तात्याबा आले, त्यांनी ऐकलं आणि टोपी काढून हातात घेतली.

मला खरं ठाऊक होतं. नऊ बारे एकशे आठ. नोमीननं पहिला आकडा टाकला, तेवढ्यात दीड मिनिट संपलं. घड्याळ माझ्यातच आहे, मी पाहिलं. तो एक म्हणजे अर्धवट राहिलेलं उत्तर होतं. निरोप नव्हता. निदान मला तरी तसंच दिसलं.

मी काय केलं असेल? गप्प बसलो. मला कुणी विचारलं नव्हतं ना.

त्या दिवसापासून पोट फुगायला लागलं. मॅडमना वाटतं, की चार्जिंग जास्त झालं.

नवा टॅब आलाय. चौघांना चार नावं आहेत आणि आता ती एकेकट्यानं खेळतात. नोमीन अधूनमधून येते. सव्वीस, अठ्ठावीस असे तिचे गुण असतात, पण अंतिम फेरी गेली ती गेली. म्हाळसा तिच्याशी हसत हरते. चारचा अर्थ नोमीनला कळला की नाही, हे म्हाळसाला कधी कळायचं नाही. कळला, असंच ती धरून चालली आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्यानं दाखवलेलं पान पोरांना एकदा वाचून दाखवा. हिरवं बटण दाबायच्या आधी. आम्ही विचारल्याशिवाय सांगत नाही, हा आमचा दोष आहे.

आणि नोमीन, आज मला कुणी काही विचारलेलं नाही, तरी सांगतो. त्या अकरा शर्यतींत तू एकटी होतीस आणि इकडं चौघं होते. तू हळू नव्हतीस. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.